दुसरी खीळ

टण्ण!

घरात इतकं शांत होतं की तो आवाज तिला स्वतःच्याच दातांत वाजल्यासारखा वाटला. तिची पोर, भिंगरी, नुकतीच झोपली होती. झोपली म्हणजे काय, दमली होती. झोपेतसुद्धा तिचा एक पाय पलंगाबाहेर, पळायच्या तयारीत. पडदा ओढलेला, दूध उतरवून झाकलेलं, आणि आठवड्यातून एकदाच मिळणारा तो अर्धा तास मांजरासारखा तिच्या मांडीवर येऊन बसलेला. या अर्ध्या तासात काही म्हणजे काही करायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आणि न्हाणीघरातलं वॉशिंग मशीन म्हणालं, टण्ण. जरा थांबून पुन्हा, टण्ण... टण्ण.

"नाणं राहिलं वाटतं खिशात," ती पुटपुटली आणि पोर उठायच्या आत बटण बंद करायला धावली.

नाणं नव्हतं. तिचा कामाचा एप्रन, जाड कापडाचा, सहा खिशांचा, पाणी पिऊन म्हशीसारखा पडला होता. त्याच्या खालच्या शिवणीला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. आणि ड्रमच्या तळाशी, करंगळीएवढी, चकचकीत पोलादी खीळ. एका अंगाला तांदळाच्या दाण्याएवढी खाच.

तिनं ती तळहातावर घेतली आणि ओला एप्रन पोटाशी धरून तशीच स्टुलावर बसली.

या खिळीची जुळी बहीण ती गेले नऊ दिवस रोज बघत होती. आणि हिच्यासाठी होडीदुरुस्तीचं सगळं यार्ड नऊ दिवस पालथं घातलं जात होतं.

गावभराची शिडं शिवणारी ती, आणि स्वतःचाच खिसा फाटका! खिशातून खीळ अस्तरात उतरली होती, अस्तरातून तळाच्या शिवणीत. दर रविवारी ती गुपचूप आंघोळ करून परत कामावर जात होती. आज शिवणीनं जीव सोडला म्हणून बोलली.

पण ही आपल्या खिशात... आली कशी?

आणि मग तिला आठवलं. आठवलं तशी ती स्टुलावरून उठली, आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसली.

---

महिन्यापूर्वी त्या मिस्त्रीचं तोंडही तिला ठाऊक नव्हतं.

यार्ड मावशीचं, म्हणजे तिच्या आईच्या धाकट्या बहिणीचं. होड्या भरतीला वर ओढायच्या, लाकडी घोड्यांवर उभ्या करायच्या, खरवडायच्या, रंगवायच्या, पुन्हा पाण्यात सोडायच्या. मोठ्या शेडच्या माडीवर तिची शिडं शिवायची जागा. लांबलचक लाकडी जमीन, तिच्यावर पसरलेलं पांढरं कापड, एका टोकाला शिलाईचं मशीन आणि मधोमध एक चौकोनी झडप, तयार शीड खाली सोडायला. त्याच झडपेतून एका सकाळी मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ निसटलं. टुणटुण उड्या मारत खाली गेलं, आणि दोऱ्याचं टोक मात्र तिच्या सुईत.

तिनं दोरा ओढायला सुरुवात केली. थोडा आला... आणि मग खालून ओढ बसली.

तिनं जोर लावला. खालूनही जोर लागला.

"काय लागलंय गळाला?" खालून आवाज आला.

"गळ नाहीये, दोरा आहे! सोडा बघू."

"सोडू की गुंडाळू?"

"सोडा!"

"सोडला तर तेलात लोळेल. मग शीड माझ्या नावानं खडे फोडेल."

"शीड बोलत नाही."

"शिवणारी बोलते ना पण."

तिनं वाकून पाहिलं. खाली कोपरापर्यंत तेलानं माखलेला एक माणूस. केसांत लाकडाचा भुसा, आणि दोन स्वच्छ बोटांच्या टोकांनी – हो, अंगठा आणि तर्जनी तेवढी पुसून – तो रीळ गुंडाळत होता. अगदी एकावर एक, ओळीनं. गुंडाळून झाल्यावर त्यानं ते वर फेकलं आणि तिला झेलावंच लागलं.

"मी मिस्त्री," तो म्हणाला. "पंख्याच्या कामाला आलोय. बारा दिवसांचं काम."

"मी विचारलं का?"

"नाही. पण विचारलं असतंत. म्हणून आधीच सांगून टाकलं."

तिनं झडप धाडकन लावली. आणि मग दिवसभर ती झडप लावून काम करताना तिला उकडत राहिलं.

होडी एका डॉक्टरांची होती. नोकरी संपवून दुसऱ्या बंदरात राहायला गेलेले, आता होडीची वाट बघत बसलेले. तिची शिडंही उसवली होती, म्हणून वर ही आणि खाली तो, दोघं एकाच होडीचं काम करत होते. होडी शिडाची असली तरी वारा पडला की इंजिन लागतंच. त्या इंजिनाचा एक पाय होडीच्या पोटातून खाली पाण्यात उतरलेला, आणि पायाच्या टोकाला पंखा. हा पंखा मिटणारा होता. इंजिन चालू झालं की दोन्ही पाती पाण्यात उघडायची. इंजिन बंद करून शीड चढवलं की मिटून एकमेकांना चिकटायची, पाण्याच्या वाटेत आडवी यायची नाहीत. दोन पाती, मुळाशी एकमेकांत बसणारे दाते, आणि दर पात्याला आपापली खीळ.

मिस्त्रीसारखी काम करायची रीत तिनं याआधी कुणाची पाहिली नव्हती. काढलेला एकेक भाग तो जुन्या चादरीवर मांडायचा, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं. मग प्रत्येकाभोवती खडूनं रेघ. "उचललं तरी जागा विसरत नाही," तो म्हणायचा. भिंगरी शाळेतून आली की थेट त्या चादरीपाशी. सहा वर्षांची पोर, घरात चार मिनिटं एका जागी टिकत नाही म्हणून तर नाव भिंगरी पडलेलं. तिथं मात्र तास तास उकिडवी.

"मिस्त्रीकाका, ही मोठी भिंगरी ना?"

"हो. पण तुझ्यापेक्षा गुणी. सांगितलं की मिटते."

खीळ तिच्या खिशात गेली ती तिसऱ्या दिवशी. ती शिडाची मापं घ्यायला खाली उतरली होती. तो पंख्याखाली आडवा, दोन्ही हात गुंतलेले, दातांत पेचकस.

"हं... हे... धरा जरा," तो दातांतूनच म्हणाला, आणि एका बोटानं ती खीळ तिच्या हातात सरकवली. थंड, तेलकट, बुळबुळीत. बोटाला बोट लागलं असेल-नसेल...

आणि तेवढ्यात शाळेचा फोन. भिंगरीला ताप भरलाय, घेऊन जा. ती आहे तशी पळाली. हातातलं काहीतरी खिशात टाकलं असावं. पुढचे तीन दिवस पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवण्यात गेले आणि ती खीळ तिच्या डोक्यातून साफ पुसली गेली.

सील बदलून, तेल भरून, जस्त नवं बसवून झालं. पंखा परत बसवायचा दिवस आला आणि चादरीवर एक खडूची रेघ रिकामी. दुसरी खीळ नाही!

मिस्त्रीनं मावशीला विचारलं. रंगाऱ्याला विचारलं. वॉचमनला, चहावाल्याला, भिंगरीला विचारलं. शेड दोनदा झाडली. "लेथवर करून घे की रे एक," मावशी म्हणाली तर म्हणाला, "सुताचा फरक पडला तर पातं समुद्रात जाईल. कंपनीकडूनच मागवतो."

सगळ्यांना विचारलं.

तिला नाही विचारलं.

मुठीतली खीळ एव्हाना उबदार झाली होती. ती विचार करकरून थकली. एक तर तो विसरला असेल. पण चहावाल्याच्या किटलीत डोकावणारा माणूस, जिच्या हातात खीळ दिली तिला विसरेल? की विसरला नसेल? मग विचारलं का नाही? लाजून? रागानं? की...

त्या 'की'च्या पुढे जायला तिचं मन तयार होईना. आत पलंगावर भिंगरीनं कूस बदलली आणि अर्धा तास संपला.

---

सोमवारी सकाळी मावशी माडीवर आली. मावशी माडीवर यायची म्हणजे काहीतरी बातमी असायची. नाहीतर तिचे गुडघे तिला जिना चढू देत नसत.

"तुझा तो मिस्त्री..."

"माझा कुठला?"

"बरं बाई, यार्डाचा. माझं ऐक तर. डॉक्टरांचा फोन होता. बुधवारी दुपारची भरती मोठी आहे. त्या दिवशी होडी उतरली नाही तर पुढची अशी भरती पंधरा दिवसांनी. म्हटलं खीळ कुठवर आलीय बघावं, म्हणून मीच कंपनीत फोन लावला. तर तो पोरगा म्हणतो, आमच्याकडे अशी मागणीच आलेली नाही!"

तिचा सुईचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे मागवलीच नाही त्यानं. नऊ दिवस 'मागवलीय, येईल, येईल' करतोय. मला तर काही कळेनासं झालंय. कामाचा चोर म्हणावा तर दिवसभर राबतोय. माझा पंप नीट केला, गेट नीट केलं..." मावशीची नजर तिच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर गेली, "हे कधी नीट झालं गं? कुरकुरायचं ना?"

"झालं असंच."

"असंच!" मावशी हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला खोकावं लागलं. "बुधवारी होडी उतरली तर तोच ती डॉक्टरांकडे पोचवणार आहे. ठरलंय तसं. मग पुढचं काम कुठं, कुणास ठाऊक. त्याचं काय, आज इथं तर उद्या तिथं. मी आपलं सांगितलं."

मावशी गेली. जिन्यावर तिचे गुडघे एकेका पायरीला कुरकुरत राहिले आणि ही ओढणीच्या गाठीत बांधलेल्या खिळीवर हात ठेवून बसली.

म्हणजे एवढंच होतं. ही खीळ खाली दिली तर बुधवारी तो जाणार. नाही दिली तर पंधरा दिवस आहेच.

पंधरा दिवस! तिला स्वतःचाच राग आला. चोर ती की तो? आणि पंधरा दिवसांनी काय करणार होती, दुसरं पातं लपवणार?

तिला माणसं थांबवता येत नसत. हे तिला फार महागात कळलं होतं. भिंगरी तीन वर्षांची असताना तिचा बाप एक बॅग घेऊन निघाला होता; उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणाला होता, "दोन दिवसांत येतो." पोरगी सहा महिने दाराशी आवाज झाला की पळायची. पुढे कागद आले, सह्या झाल्या, सगळं रीतसर झालं. पण ते दाराकडे पळणं... त्याला कुठल्याच कागदात जागा नव्हती. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, या घरात 'येतो' म्हणणारं माणूस नको.

आणि हा तर कामच असं करायचा, ज्याच्या शेवटी निघून जायचं असतं.

संध्याकाळी भिंगरीला घ्यायला ती खाली उतरली. पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता, आणि होडीच्या पोटाखाली दोघांची शाळा भरली होती.

"या कडीला रंग का नाही लावायचा?" भिंगरी विचारत होती.

"कारण ते जस्त आहे. खारं पाणी कुणाला तरी खाणारच. जस्त म्हणतं, मला खा, पंख्याला सोड. रंग लावला तर त्याला खाता येणार नाही, मग पाणी पंख्याला खाईल."

"बिचारं जस्त! आमच्या आईसारखं."

"ए!" ती म्हणाली. "मला नाही कुणी खात."

मिस्त्रीनं वर पाहिलं. त्याची एक खोड होती. बघायचा, मग बघितल्याबद्दल माफी मागितल्यासारखा लगेच हातातल्या कामाकडे बघायचा. आज मात्र त्याची नजर जरा खाली घसरली, आणि तिथंच अडली.

"आज एप्रन नाही?"

"धुतला."

"धुतला?" हे फारच पटकन आलं. "म्हणजे... खिसे बघून धुतलात ना?"

"का? काय असणार खिशात?"

पावसाचा एक थेंब पत्र्याच्या भोकातून त्याच्या मानेवर पडला. त्यानं तो पुसला नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "सुया-बिया असतात तुमच्या."

ती पोरीचा हात धरून निघाली. ओढणीच्या टोकाला बांधलेली खीळ चालताना गुडघ्यावर आपटत होती. याला आठवतंय... नक्की आठवतंय! मग हा माणूस गप्प का? आणि मी? मी कशासाठी गप्प आहे?

"आई, तू माझा हात दाबतेयस," भिंगरी म्हणाली.

---

मंगळवारी ती शाळेत पोरीला सोडून सरळ शेडमध्ये गेली. रंगारी आला नव्हता. मिस्त्री चादरीपुढे बसून, ज्याच्याभोवती आधीच रेघ होती त्याच्याभोवती पुन्हा रेघ ओढत होता.

ती खाली बसली. ओढणीची गाठ सोडायला नको तेवढा वेळ लागला. मग तिनं ती खीळ रिकाम्या रेघेच्या बरोब्बर मधे ठेवली.

बसली. सुताचाही फरक नाही.

तो खिळीकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता दचकेल, 'अरे, सापडली!' म्हणेल. त्याच्या चेहऱ्यावर मात्र पकडल्या गेलेल्या पोराचा भाव आला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"...हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून नाही. दुसऱ्या. पहिल्या दिवशी खरंच शोधली. रात्री झोपताना आठवलं, तुमच्या हातात दिली होती."

"मग दुसऱ्या दिवशी मला का विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही दिली असतीत."

"मग! दिलीच असती ना!"

"हो," तो म्हणाला. "म्हणून."

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिचं चाक कुंईकुंई करत लांबपर्यंत ऐकू येत राहिलं. ती चादरीवरच्या रेघा मोजू लागली आणि सातवर चुकली.

"हे असं... कुणी करतं का?" अखेर ती म्हणाली. "ते डॉक्टर तिकडे वाट बघतायत. मावशीला तुम्ही खोटं सांगितलंत. पोरीला विचारलंत, तुझ्या दप्तरात बघ म्हणून! तिनं दप्तर उलटं केलं बिचारीनं."

"त्याचं सगळ्यात वाईट वाटलं. खरंच." त्याचे कान लाल झाले होते. "डॉक्टरांना काल रात्री फोन करून सगळं सांगितलं. आज मी तुमच्यासमोर येऊन विचारणारच होतो. सकाळपासून तेच पाठ करत बसलोय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आधी ओरडले. मग म्हणाले, होडी बुधवारी निघाली पाहिजे आणि तूच आणली पाहिजे. मग म्हणाले..."

"काय?"

"ते जाऊ दे. म्हातारा माणूस आहे."

तिला हसू आलं. नको तेव्हा येणारं हसू. ते तिनं ओढणीत दाबलं, पण त्यानं पाहिलंच.

"तुम्हाला कधी सापडली?" त्यानं विचारलं.

"रविवारी."

"आज मंगळवार."

"मग?"

"नाही, म्हटलं रविवार, सोमवार..."

"कपडे वाळत होते!"

"खिळीचे?"

आता मात्र दोघंही हसले. होडीच्या पोटाखाली हसलं की आवाज वरच्या लाकडाला लागून परत खाली यायचा. चार माणसं हसल्यासारखं वाटायचं. त्याचे नऊ दिवस आणि तिचे दोन. चोरी ती चोरीच, लहान काय नि मोठी काय.

हसू ओसरल्यावर तिला एकदम भीती वाटली. "चला," ती उठली, "बसवा तुमचा पंखा. उद्या भरती आहे."

"एकट्यानं नाही बसत. दोन्ही पाती एकदम धरावी लागतात. धराल?"

पंख्याचा मधला भाग त्यानं आधीच पायाच्या दांड्यावर चढवला होता, ग्रीस लावून, नट कसून. राहिली होती फक्त पाती. तिनं दोन्ही हातांत एकेक घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड, आणि कडा सुरीसारख्या नव्हे, नखासारख्या गोल. दाते दात्यांत बसवले. त्यानं एक खीळ ठोकली, मग दुसरी. लाकडी हातोडीचे मऊ ठोके तिच्या कोपरापर्यंत येत होते. त्याचं कपाळ तिच्या खांद्यापासून चार बोटांवर. साबणाचा वास, ग्रीसचा वास, ओल्या भुशाचा वास.

"आता मिटा."

तिनं मिटलं. एक पातं मिटलं. दुसरं अर्ध्यात, खोडकर पोरासारखं बाहेर.

"एका दात्यानं चुकलं," तो म्हणाला.

"मी तर घट्ट धरून ठेवलं होतं!"

"तेच तर. धरून नाही ठेवायचं. नुसतं टेकवायचं. ती आपली आपण जागा शोधतात."

"आणि नाही शोधली तर? पडलं म्हणजे?"

"मी खाली हात धरलेत की."

तिनं पाहिलं. खरंच, त्याचे दोन्ही हात तिच्या हातांच्या खाली होते. लागत नव्हते. नुसते होते. मगापासून असावेत.

खिळी काढल्या. पुन्हा पाती टेकवली. या वेळी तिनं बोटं सैल सोडली, इतकी सैल की तिलाच धडकी भरली. कुठेतरी आत बारीक 'कट्' झालं. खीळ गेली. दुसरी खीळ गेली, तिची खीळ, तीनदा आंघोळ केलेली. त्यानं बारीक स्क्रू आवळले.

"मिटा."

दोन्ही पाती एकदम मिटली.

"उघडा."

दोन्ही एकदम उघडली. ती मिटत-उघडत राहिली, चारदा, पाचदा. खरं म्हणजे एकदाच पुरत होतं.

"उद्या मला जावंच लागेल," तो हलकेच म्हणाला. "नऊ दिवस मी त्यांचे चोरलेत. होडी पोचवायचा शब्द दिलाय."

"मी कुठं अडवतेय?"

"अडवत नाही, ठाऊक आहे. पण मावशी म्हणाल्या, यार्डाला कायमचा मिस्त्री हवाय. त्यांना मी अजून हो म्हटलं नाही."

"मग म्हणा, नाहीतर नका म्हणू. मला काय विचारता?"

"आता शिकलोय ना," तो म्हणाला. "ज्याच्या खिशात असेल त्यालाच विचारायचं."

तिनं पातं सोडलं. हातांना ग्रीस लागलं होतं. पुसायला एप्रन नव्हता. तिला हो म्हणायचं होतं. तिला नाहीही म्हणायचं होतं. तिला खरं तर कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं की बाई, तू असं असं म्हण.

"माझ्या घरी एक लहान मूल आहे," ती अखेर म्हणाली. "ती दाराकडे पळते. म्हणून नुसतं 'येतो' म्हणायचं नाही. वार सांगायचा."

त्यानं खिशातून डायरी काढली नाही, आकाशाकडे पाहिलं नाही. "शुक्रवार," तो म्हणाला. "परवा सकाळी होडी त्यांच्या हवाली करतो. शुक्रवारी साडेचारच्या बसनं."

"आणि काही ठेवून जाताय का इथं? हत्यारं-बित्यारं?"

"नाही."

"का?"

"ठेवून गेलो तर तुम्हाला वाटेल, हत्यारांसाठी आलो."

---

बुधवारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं तशी होडी घोड्यांवरून अलगद उचलली गेली. मावशी सगळ्यांवर ओरडत होती, म्हणजे खूश होती. इंजिन खाकरलं, मागे पाणी घुसळलं गेलं, फेसाचे दोन गोंडे एकसारखे उमलले. खाली पाती उघडली असणार, दोन्ही, एकदम. भिंगरी उड्या मारत होती. ताप आल्याची खोटी चिठ्ठी देऊन आज शाळा बुडाली होती, आणि ती चिठ्ठी आईनंच लिहिली होती.

मिस्त्री सुकाणूपाशी उभा होता. हात उंच करून त्यानं काही म्हटलं, पण ते वाऱ्यानं नेलं. मग त्यानं चार बोटं दाखवली, आणि मग एक बोट अर्धं मुडपून दाखवलं.

"साडेचार!" भिंगरी ओरडली.

खाडीच्या तोंडाशी इंजिन थांबलं. तिनं शिवलेलं शीड वर चढलं. आधी सुरकुतलेलं, गोंधळलेलं, मग वाऱ्यानं भरून घट्ट झालेलं. प्रत्येक टाका तिला ठाऊक होता. फेस विरला. म्हणजे पाती मिटली. तिनं आपले हात पाहिले; नखांच्या कडेला अजून थोडं ग्रीस होतं. काल रात्री तिनं ते तीनदा धुतलं होतं, पण जोर लावून नाही.

मावशीनं एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुडघे कुरकुरवत निघून गेली.

शीड रुमालाएवढं झालं, मग पाकळीएवढं. दोघी पायरीवर बसून राहिल्या. भिंगरी बोटांवर काहीतरी मोजत होती.

"आज बुधवार. मग गुरुवार. मग शुक्रवार."

"हं."

"शुक्रवारी साडेचारला आपण बसस्टॉपवर जायचं?"

"जाऊ या."

"नवा फ्रॉक घालू?"

"घाल."

पोरीनं पाण्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग आईच्या ग्रीस लागलेल्या नखाला हळूच बोट लावून म्हणाली –

"आणि आई... शुक्रवारी ते नाही आले ना, तर आपण रागवायचं की शनिवारी पण जायचं?"